आदल्या दिवशीचं इंजेक्शन

मशीनने दुसऱ्यांदाही तोच आकडा दिला आणि मी टेबलावर हात आपटला. बी-ट्वेल्व दोन हजारांच्या वर, म्हणजे आमचं मशीन ज्याच्या पुढे मोजतच नाही तिथं. आणि त्याच बाईच्या त्याच रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली होती. ती काच सांगत होती की या बाईला बी-ट्वेल्व गेले कित्येक महिने मिळालेलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं आणि मशीन तर मी सकाळीच तपासून घेतलं होतं.

मी कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त घेते, तपासते, चिडते. बी-ट्वेल्व हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटण यांतून मिळतं. ते कमी पडलं की लाल पेशी नको तेवढ्या मोठ्या होतात. पांढऱ्या पेशीच्या मध्यभागी एरवी तीन-चार तुकडे दिसतात, ते सहा-सात दिसायला लागतात. पण खरा घाव नसांवर. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, माणूस विसरायला लागतो, भ्रमिष्टासारखं वागतो. वेळेत सापडलं तर सुधारतं. उशीर झाला तर नस गेली ती गेली.

ही बाई म्हणजे आक्का. शिरोळकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. तरुणपणीच मानसिक आजार जडलेला, कानात आवाज यायचे. लग्न झालं नाही, भावाकडेच राहिल्या. गोळ्यांवर बरीच वर्षं ठीक चाललं होतं. गेल्या वर्षभरात मात्र त्या पडायला लागल्या. पायातली चप्पल कधी निघाली हे कळेना. भाचरांची नावं आठवेनात. भावाने, आप्पासाहेबांनी, निदान करून टाकलं की वेड वाढलं.

आमच्या मानसोपचाराच्या सरांना शंका आली होती. त्यांनी चार महिन्यांपूर्वी बी-ट्वेल्व तपासायला लावलं होतं. रिपोर्ट आला भरपूर. मग विषय संपला. वय झालं, मेंदू थकला, आता असंच चालायचं. आप्पासाहेबांनी सोमवारपासून एका आश्रमात जागा ठरवली. तिथं ताजे रिपोर्ट मागितले, म्हणून आक्का पुन्हा माझ्याकडे.

मी जुना रिपोर्ट काढला. लाल पेशींच्या आकारापुढे मशीनने एच छापलेला होता, एच म्हणजे हाय. चार महिने तो एच तिथं बसून होता. सरांनी बघितला नव्हता. खाली तपासणाऱ्याची सही माझी होती, म्हणजे मीही बघितला नव्हता. मला माझीच भयंकर चीड आली.

बाहेर बाकावर दोघं रिपोर्टची वाट बघत बसले होते.

"आप्पासाहेब, आक्कांना औषधं काय काय चालू आहेत?"

"सांगितलं की मगाशी. डोक्याच्या गोळ्या आनी शुगरची गोळी, धा वर्सं. बाकी काय न्हाय."

शुगरच्या त्या गोळीनेही बी-ट्वेल्व कमी होतं.

"दूध पितात?"

"चार म्हशी हायत दारात, पर ही बया पीत न्हाय. दुधात कोन तरी कायतरी घालतंय म्हनती. पंधरा वर्सं कोरा च्या."

घर शाकाहारी. म्हणजे मटण नाही, अंडं नाही, दूधही नाही. आणि रक्तात बी-ट्वेल्व दोन हजारांच्या वर!

"पुन्हा थोडं रक्त लागेल," मी म्हटलं. नमुना अदलाबदल झाला असेल तर तेही कळलं असतं. मी दंडाला बांधायचा पट्टा घेऊन जवळ गेले, तशी आक्कांनी हात पदराखाली ओढला.

"कितींदा टोचतासा? काल त्येनं टोचलं, आज तुमी दोनदा."

"ऐकू नगासा ओ ताई तिचं," आप्पासाहेब हसले. "तिला सारखंच कोन ना कोन सुया टोचतंय."

"काल कुणी टोचलं, आक्का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग दुसऱ्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी.

"हे काय आप्पासाहेब?"

"ते व्हय? ते ताकदीचं हाय. लाल."

"मी औषधं विचारली तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ते काय औषध हाय व्हय? ताकदीचं हाय की! कोल्लापूरला आनायचं म्हंजे गाडीत बसाय दम नको? आदल्या दिशी गावातल्या डाक्टरकडनं मारून आनतो. म्हातारं मानूस वाटंत गळाटलं तर?"

"मागच्या वेळी पण दिलं होतं?"

"हो की. तुमच्याकडं यायचं म्हटलं की देतोच. रिपोर्ट बी चांगला येतोय बगा."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या लाल इंजेक्शनात थोडं बी-ट्वेल्व असतं. दुसऱ्या दिवशी रक्तात भरपूर दिसायला ते पुरतं, वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या नसांना पुरत नाही. लाल पेशी मात्र एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणून काच खरं बोलत होती. मशीनही खरंच बोलत होतं, फक्त कालच्या इंजेक्शनबद्दल.

दोन्ही रिपोर्ट घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"शिंदेबाई, भरपूर आहे म्हणताय आणि कमी आहे असंही म्हणताय. मी नक्की काय लिहू?"

मी दंडावरची पट्टी सांगितली. सरांनी आक्कांची फाइल उघडली आणि मागच्या भेटीचं पान माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं की काल कुणीतरी सुई टोचली असं पेशंट म्हणते, भास वाढलेत. खाली गोळीचा डोस वाढवलेला. त्या वाढीव गोळीने आक्का जास्तच धडपडत होत्या.

"त्या मला सांगत होत्या," सर म्हणाले.

"सगळ्यांनाच सांगत होत्या, सर. मागच्या वेळी मलाही म्हणाल्या असतील."

खरं तर म्हणाल्या होत्या. ते मला त्या क्षणी आठवलं. मी "हो हो आक्का" म्हणून पट्टा बांधला होता.

सरांनी वाढवलेला डोस मागे घेतला आणि बी-ट्वेल्वचा पूर्ण कोर्स सुरू केला. आश्रम लांबवायला आप्पासाहेब तयार नव्हते. "जागा जाईल ओ माझी!" सरांनी आवाज चढवला, मग आप्पासाहेबांनीही चढवला. शेवटी तीन महिने थांबायचं ठरलं.

तीन महिन्यांनी आक्का भिंतीला हात लावत, पण स्वतःच्या पायांनी लॅबमध्ये आल्या. आप्पासाहेबांनी भाचरांची नावं विचारली, त्यांनी सगळी सांगितली, वर कोण अभ्यास करत नाही तेही सांगितलं. कानातले आवाज होते तसेच आहेत, तो आजार वेगळा. पडणं थांबलं. आश्रमाची जागा आप्पासाहेबांनी सोडून दिली होती.

रक्त घेतल्यावर मी कापसाचा बोळा दाबून धरायला दिला. तो त्यांच्या बोटांतून दोनदा खाली पडला. बोटांत जाणीव परत आलेली नाही आणि आता ती येईल असं सरांना वाटत नाही. ते वाया गेलेले चार महिने आमच्या नावावर.

मी आता रक्त घेण्याआधी कुणी काही टोचलंय का ते स्पष्ट विचारते, आणि नातेवाइकाला नाही, पेशंटलाच. परवा एका मुलाने मला अडवलं, "मॅडम, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला काय विचारताय?"

त्याला म्हटलं, "दंड तिचा आहे."