जाईबाईंच्या दुधीचं बी

मिरजेला रेल्वे कॉलनीच्या मागं यल्लाप्पाअण्णांचं घर आहे. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्याच्या तिप्पट परस. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. जंक्शनवर तीस वर्षं काढून माणसानं काय गोळा करावं? यांनी बिया गोळा केल्या. हुबळीचा गार्ड असो की लोंढ्याचा ड्रायव्हर, भेटेल त्याला यांचा एकच प्रश्न, "तुमच्याकडं काय येगळं पिकतंय?" त्यातून परसात पांढरी वांगी आली, हातभर शेंगांची चवळी आली, आभाळाकडं तोंड करून वाढणारी जांभळी मिरची आली. मी शेजारीण, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मी उकळून द्यायची आणि अण्णा त्यात बी भरून वर चिठ्ठी चिकटवायचे. मला ते अजून शिस्टरच म्हणतात.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांच्या बायकोचा, जाईबाईंचा, एकच वेल. माहेरच्या दुधीचा. शिराळ्याजवळच्या गावातून निघताना आईनं लग्नात पदराच्या गाठीला बी बांधून दिलं होतं. दुधी बुटका, गरगरीत आणि असा गोड, की एरवी दुधीला नाक मुरडणारी मी वाटीभर भाजी नुसती खायची. वेलावरच्या पहिल्या दुधीला जाईबाई चिंधी बांधायच्या. तो बियांसाठी राखलेला, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नवं बी निघालं की जुनं टाकून द्यायची त्यांची रीत. फार सुखाचे दिवस होते ते, आता कळतं.

चार वर्षांपूर्वी एका तंबोरेवाल्यानं अण्णांना मोठ्या भोपळ्याचं बी दिलं. तंबोऱ्याचा भोपळा कडूजहर, पण आपल्या परसातला भोपळा कुणाच्या तरी मैफलीत वाजावा अशी अण्णांना हौस.

जाईबाई म्हणाल्या, "लावा, पर माझ्या दुधीजवळ नगं. एकाच जातीची हायती ती. बी बिघडंल."

"आगं, मधी भिंत हाय की."

"किडं-पाखरं काय भिंत बघून माघारी जात्यात व्हय?"

अण्णा हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. भोपळा घागरीएवढा झाला, तंबोरेवाला येऊन घेऊन गेला आणि अण्णा आठवडाभर गल्लीत छाती फुगवून फिरले. दुधी त्या वर्षी नेहमीसारखाच गोड लागला, त्यामुळे कुणाला शंका आली नाही; बिघडतं ते आतलं बी, फळ नव्हे, हे आम्हाला कुठं ठाऊक!

त्याच हिवाळ्यात जाईबाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी मीच उशाशी असायची. अण्णांचा हात धरून त्या म्हणाल्या, "दुधीचं बी तेवढं जपा." अण्णा म्हणाले, "बी बेस हाय गं, तू काळजी करू नगंस." दोन दिवसांनी त्या गेल्या.

पुढच्या वर्षी नव्या वेलाच्या पहिल्या दुधीला चिंधी बांधून दुसऱ्याची भाजी अण्णांनी स्वतः केली आणि मला जेवायला बोलावलं. पहिल्याच घासाला तोंड कडूकडू झालं. मी त्यांच्यापुढचं ताट ओढून घेतलं. "थुंका आधी! असल्या दुधीनं माणूस दवाखान्यात जातो." अण्णा ताटाकडं बघत राहिले. "शिस्टर, ह्यो तिचा दुधी न्हवं," म्हणाले.

माहेरच्या शिवारात आता सगळा ऊस, तिथं तो दुधी कुणी लावत नव्हतं. अण्णांकडं तेच बी उरलं होतं, वीस-बावीस. सगळंच काही भोपळ्याशी मिसळलं नसेल, एखादं तरी निखळ असेल, या आशेवर त्यांनी ते सगळं पेरलं. गल्लीत प्रत्येक दारात एक वेल. दुधी बोटभर झाला की अण्णा यायचे, देठाजवळ नखानं खरवडायचे, जिभेच्या टोकाला लावायचे, थुंकायचे, चूळ भरायचे. कडू. वेल उपटायचे. मी रोज ओरडायची, म्हातारपणी जिवाशी खेळ कशाला? ते ऐकतील तर शपथ.

शेवटी माझ्या नळापाशी लावलेला वेल तेवढा राहिला. अण्णांनी चाखलं, पण थुंकले नाहीत. पुन्हा चाखलं. "अहो, थुंका!" मी किंचाळले. त्यांनी गिळून टाकलं.

"ग्वाड हाय," म्हणाले, आणि कपडे धुवायच्या दगडावर बसून लहान पोरासारखे रडायला लागले. जाईबाईंच्या मातीलाही ते असे रडले नव्हते.

मला वाटलं, आनंदानं. मी आपली सवयीनं बोलले, "आता रडायला काय झालं? मिळालं की बी!"

"बी मिळालं, शिस्टर," त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "पर मी तिला बी बेस हाय म्हणून सांगितलं. ती तेच खरं धरून गेली. माझ्याच हौसंपायी बिघडलं हुतं, ह्ये तिला म्हाईतच न्हाई. आता माफी कुणाला मागू?"

मी दोरीवरच्या जुन्या फडक्याची चिंधी फाडली आणि जाईबाई बांधायच्या तशी त्या दुधीला बांधली. मग दगडावर त्यांच्या शेजारी येऊन बसले.