गावानं खाल्लेली पेढी

आमच्या गावाची पतपेढी लोकांनी खाल्ली. (अफरातफर नव्हे हो! पुरी आणि शिऱ्याच्या रूपात, चावून चावून खाल्ली.) आणि त्या पेढीचा एकुलता एक म्यानेजर मी होतो.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. आमचं गाव शिरपूरपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. माझे वडील, म्हणजे आबा, साधे शेतकरी. पण त्यांच्या मनानं घेतलं की गावाची स्वतःची पेढी पाहिजे. पेरणीला बियाणं कमी पडलं तर कुणी परक्याच्या ओसरीवर जाऊन ताटकळू नये, हक्कानं आपल्या पेढीतून न्यावं. पण पेढीत टाकायला रोकड होती कुणाकडे? तेव्हा आबांनी पारावर सांगितलं, "पैसा नसंन तर नसो. ज्याच्या घरी जे हाय थे द्या. हिवाळ्यात शिरपूरले जैन यात्रेकरू येतात. त्याईले आपण रांधून खाऊ घालू. जे येईन थे पेढीचं भांडवल!"

लोकांनी खरंच दिलं. कुणी गहू, कुणी गूळ, कुणी तेल. कल्हई करणाऱ्या रहीमचाचांनी मोठाली पातेली आणि स्वतःची बंडी दिली. गंगूबुढी एकटी राहायची. तिनं छपरावरच्या वेलाचं कोहळं काढून आणलं. (लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात.) त्या साली वेलाला तेवढंच धरलं होतं.

"माया बी हिस्सा धर, बाप्पा," ती आबांना म्हणाली, "पुढच्या साली मले बी बियाणं लागंन."

एवढ्या सगळ्याचा म्यानेजर मला केलं. कारण काय, तर मी मराठी शाळा शिकलेला आणि आबांचा मुलगा. (दोन्ही गोष्टींत माझं कर्तृत्व बेताचंच!) पहिलं काम म्हणून मी बाजारातल्या एका जैन शेटजींकडे गेलो. आपल्या लोकांना काय चालतं, काय नाही, ते बिचारे मनापासून सांगू लागले.

"कांदा नाही. लसूण नाही. बटाटा नाही. पाणी गाळून घ्या. आणि मुख्य म्हणजे..."

"समजलं शेटजी, सारं समजलं!" असं म्हणून मी उठलोसुद्धा. म्यानेजर माणूस, मला का एकच काम होतं?

कांदालसणाच्या बाबतीत मग मी असा काही कडक झालो की विचारू नका. ज्या अंगणात पुऱ्या तळायच्या तिथून मी कांद्याच्या माळा उतरवल्या. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांना हात हुंगून आत सोडू लागलो. शेवटी माझी बायको रुख्मा लाटणं घेऊन उठली.

"आता माया हात हुंगसान तं पाहा!"

स्वयंपाक गावातच करायचा, ही अक्कलही माझीच. तिथं चुलीसाठी जागा घ्या, सरपण विकत घ्या, कायले पाहिजे? जागा धरायला आबा पहाटेच पायी पुढे गेले. भलं मोठं पातेलंभर कोहळ्याची भाजी, टोपल्याच्या टोपल्या पुऱ्या आणि गुळाचा शिरा घेऊन आम्ही सकाळी निघालो. बंडी हाकायला रहीमचाचा, मागे रुख्मा आणि मधे शिऱ्याच्या पातेल्याला टेकून मी.

वाटेत एक फाटा लागतो. सरळ गेलं की शिरपूर, डावीकडे वळलं की माझी सासुरवाडी. मी म्हणालो, "चाचा, जरा डावीकडे घ्या. बस, उभ्या उभ्या भेटून येऊ."

"कायले?" रुख्मा म्हणाली. "मले नाई जाचं माहेरी. बंडी सरळ घ्या!"

माहेरी जायला नाही म्हणणारी अख्ख्या वऱ्हाडात तेवढी एकच बाई असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली होती. पण मला सासऱ्यांना दाखवायचं होतं की जावई आता म्यानेजर झाला!

"बेटा, देर होगी," चाचा म्हणाले.

"चाचा, उशीर झाला तर उलट बरं. संध्याकाळी भूक जास्त लागते!"

सासरे दारातच होते. मी पेढीची हकीगत सांगितली. ते इतके खूश झाले की त्यांनी बैलच सोडून टाकले.

"जवाईबापू म्यानेजर झाले अन् जेवल्याशिवाय जातीन? रोडगे टाका वो!"

रोडगे! ज्यांनी खाल्ले त्यांना ठाऊक आहे, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायचे म्हणजे दोन-तीन तास बसणं आलं. तोवर घरातल्या लोकांनी आमचा शिरा "पाहू कसा झाला" म्हणून पाहिला. शेजाऱ्यांनी पाहिला. चुलतसासऱ्यांनी तर दोनदा पाहिला. बंडीत गावजेवण घेऊन निघालेला मी रोडगे आणि वांग्याची भाजी ओरपून वर पाटावरच पेंगलो! रुख्मा तेवढी जेवली नाही. ती बंडीत जाऊन बसली होती.

आम्ही शिरपूरला पोचलो तेव्हा देवळाच्या कळसावर जरा कुठे ऊन राहिलं होतं. आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. मला पाहून म्हणाले, "दुपारपासून लोकं इचारून राह्यले, बाबू."

मी टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं आणि ओरडलो, "या! पुरी, भाजी, शिरा! कांदा नाई, लसूण नाई!"

यात्रेकरू आले. वास घेतला. कौतुकानं पाहिलं. आणि हात जोडून एकेक करत निघून गेले. मला काही उमजेना. मी एका म्हाताऱ्या बाईंना गाठलं.

"माय, एक पुरी तरी! पाणीसुद्धा गाळलेलं हाय!"

त्यांनी मावळतीकडे बोट केलं. "भैया, सूरज डूब गया. अब हम नहीं खाते."

शेटजींचं ते 'मुख्य म्हणजे' मला त्या क्षणी समजलं!

मी हार मानली नाही. सकाळी उठल्याबरोबर चाचांना म्हणालो, "शिरा गरम करू. पुऱ्या तेलातून काढू. कोण ओळखते?" कुणाकडून तरी मागून आणलेली शेगडीही पेटवली. कालच्याच बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी आबांना विचारलं, "भैया, ताजा है ना? रात का हमको नहीं चलता."

मी आबांना डोळ्यानं खुणावत होतो. सारी पेढी त्या एका शब्दावर आली होती. आबांनी पुऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपलं झाकलं.

"कालचं हाय, माय. तुमाले नाई चालाचं."

बाईंनी वाकून नमस्कार केला. मला आबांचा इतका राग आला! आज मला त्या रागाचीच लाज वाटते.

भाजी आंबली होती, ती बैलांनी खाल्ली. शिरा तिथल्या गाडीवाल्यांना आणि भिकाऱ्यांना वाटला. उरलेल्या पुऱ्या घेऊन आम्ही गावी परतलो आणि ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटल्या. माझ्या माहितीत नफा दातांनी तोडावा लागलेली हीच एक पेढी! कुणी हसलं, कुणी मला ऐकवलं. गंगूबुढीनं मात्र पुऱ्या ताकात बुडवून सावकाश खाल्ल्या आणि विचारलं, "पेढी चांगली होती बाप्पा. आता पुन्हा कवा काढता?"

 दुसऱ्या दिवशी आबांनी आमच्या कोठीतला गहू काढून ज्याचा त्याला भरून दिला. गंगूबुढीला पेरणीच्या वेळी बियाणंही दिलं. त्या साली आमच्या घरात सणालाही पोळी झाली नाही. त्यावरून ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पेढीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि गाव पुन्हा परक्या ओसऱ्यांवर जाऊन बसू लागलं.

आबा गेल्यावर काही वर्षांनी रुख्मानं गावातल्या बायका गोळा केल्या. दळायला बसताना प्रत्येकीनं मूठभर ज्वारी बाजूला टाकायची, पावसाळ्यात जिला लागेल तिनं न्यायची आणि सुगीला परत भरायची. ना यात्रा, ना पुऱ्या, ना म्यानेजर. ती पेढी उभी राहिली. आबांनी पाहायला हवी होती, असं मला फार वाटतं.

मीही एकदा भीत भीत विचारलं, "मले घेता का सभासद?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग रुख्मा म्हणाली, "घेऊ. पण एक अट हाय. तुमी कोनतंच काम कराचं नाई!"

आयुष्यात एवढी एकच जबाबदारी मी कसलाही घोळ न घालता पार पाडली आहे!