विषय : एक रात्र मुक्कामाची परवानगी मिळणेबाबत

आमच्या घराण्यात अर्ज लिहिता येणारी मी पहिली. बाबा खाणीत होते, पगाराच्या कागदावर अंगठा लावायचे. मायला सहीपुरतं येतं. मी बी.ए. झाले आणि घुग्घुसच्या आमच्या वस्तीत कोणाचं रेशनकार्ड अडो की कोणाचा दाखला, लोक माझ्या दारात येऊ लागले. वर तारीख, डावीकडे 'प्रति', मधे 'विषय', खाली 'आपली विश्वासू'. चुकीपायी माझा अर्ज कधी परत आला नाही. हे मी अभिमानानं सांगते. आणि ज्या अर्जापायी मायची नदी राहून गेली तोही मीच लिहिला, हेही सांगते.

मायचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. दुसऱ्यात नळीतून दिसावं तेवढंच उरलं होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली आणि साफ सांगितलं. ऑपरेशन नाही केलं तर हेही हळूहळू जाणार. केलं तर राहील, किंवा एखाद्या वेळी त्यातच जाईल. माय बाहेर आल्यावर चप्पल पायानं चाचपत म्हणाली, "सोमवारच्या आंधी मले नदी दाखव."

नदी म्हणजे सिरोंचाची. प्राणहिता तिथं गोदावरीला मिळते. मायचं माहेर त्या काठचं. तिचे वडील मिरची लावायचे, घरात अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. ते लोक गेले, घर पडलं, आणि माय तिकडे गेली नाही ती नाहीच. डोळ्यात थेंब टाकताना आजही ती तेलुगूत आकडे मोजते.

एसटीनं नेता आलं नसतं. धक्के बसले की तिचं डोकं फुटायचं, उलट्या व्हायच्या, दर दोन तासांनी आडवं व्हावं लागायचं. पण माझ्या दारात एक गाडी उभी होती. शाळेची पोरं नेणारी जुनी मिनीबस. वाघ पाहायला बाहेरून लोक येतात, त्यांना फिरतं घर भाड्यानं द्यावं म्हणून मी ती घेतली होती. बाकं काढली, प्लायवूडचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. दोन हंगामांत चार गिऱ्हाइकं आली. मग ती सिमेंटची धूळ खात उभी राहिली. शेजारची काकू विचारायची, "तुया महाल कधी हालते वो?"

हातात होते ते पैसे डिझेलचे. लॉजचे नव्हते, ऑपरेशनमधून काढायचे नव्हते. म्हटलं, झोपू गाडीत, उभं राहू फुकट. घरच सोबत आहे तर मुक्कामाला खर्च कशाचा? बुधवारी दुपारी निघालो. हिशोब सोपा होता. शुक्रवारी रात्री सिरोंचा, शनिवारी सकाळी नदी, रविवारी संध्याकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की जागाच महाग असते. जंगलालगत पर्यटकांचे तंबू होते, तिथं गाडी वळवली. मॅनेजर चांगला माणूस होता, खुर्ची दिली. पण त्यानं एका रात्रीचे जे सांगितले ते लॉजच्या खोलीइतके होते.

"वीज नको आम्हाला," मी म्हटलं. "पाणी आमचं आहे. शेगडी आमची आहे."

"मॅडम, पैसे जागेचे आहेत."

आम्ही पेट्रोलपंपावर थांबलो. कोळशाचे ट्रक येत राहिले, गाडी हलत राहिली, मायनं कपाळाला माझी ओढणी घट्ट बांधली आणि सकाळी तिला उजेड सोसवेना. दहापर्यंत पंपावरच पडून होती. गुरुवारी गाडी चालवली ती बैलगाडीच्या चालीनं. आष्टीच्या पुढं जंगल दाट झालं आणि दिवस मावळतीला आला, तेव्हा रस्त्याकडेला एक गाव दिसलं. शाळा, शाळेसमोर मोकळं मैदान, कोपऱ्यात हापशी.

"मले उतरव," माय म्हणाली. "मी हापशीपाशी बसतो."

"काऊन?"

"बसतो. कोणी येईन. इचारन."

मी समजले. तिच्या माहेरची रीत तिनं माझ्या लहानपणी सांगितली होती. वाटसरू माणूस गावात जाऊन जागा मागत नाही. पाण्याजवळ बसतो, तांब्या बाजूला ठेवतो. बसला म्हणजे गावच विचारतं. पण मला ते भीक मागण्यासारखं वाटलं. माझी माय, बी.ए. झालेल्या पोरीची माय, उघड्यावर तांब्या ठेवून बसणार आणि येणारी-जाणारी तिच्याकडे पाहणार?

"आपण भिकारी नाई, माय," मी म्हटलं. "मी रीतसर परवानगी काढते."

बोनेटवर वही ठेवून अर्ज लिहिला. प्रति, माननीय सरपंच. विषय, एक रात्र वाहनासह मुक्कामाची परवानगी मिळणेबाबत. अक्षर माझं चांगलं आहे. मायच्या आजारपणाचा उल्लेख केला, आधारकार्डाची प्रत जोडली.

सरपंच पन्नाशीचे, कानाला मफलर. घरासमोर धानाची पोती मोजून घेत होते. कागद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण वाचला, मग पाठीमागून पाहिला.

"बाई, हे काऊन लिहून आणलं वो?"

"परवानगीसाठी."

"तोंडानं बोलल्या असत्या त म्हटलं असतं, लावा शाळेच्या मांगं, अना जेवाले या. आता तुमी कागद देल्ला." त्यांनी मान हलवली. "कागद देल्ला म्हंजे मले सही करा लागते. सही केली की उद्या ठाण्यातून इचारणार, कोणाले ठेवलं, कोणाच्या सांगण्यानं ठेवलं. आमच्या इकडचं नक्षलचं तुमाले माहीत हाय."

"मग कागद परत द्या."

"वाचला ना आता मी."

बाजूला पोती उचलणारा एक जण हसला. मला झोंबलं. सरपंच कागद परत करत, समजावत म्हणाले, "असं करा, तहसीलातून दोन ओळी लिहून आणा. मंग मी छातीठोक ठेवतो."

"आणते," मी म्हटलं.

त्या 'आणते'नं सगळं घालवलं. ते काय बोलत होते ते तेव्हा मी ऐकलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं की माझा अर्ज पहिल्यांदा परत येतोय.

ती रात्र आम्ही दुसऱ्या गावच्या आठवडी बाजाराच्या ओट्यांमधे काढली. शुक्रवारी सकाळी पुढं सिरोंचाकडे निघायचं होतं. मी गाडी मागं, तहसीलीकडे वळवली. मायनं विचारलं, "इकडं कुठी जाऊन राह्यली?" मी सांगितलं की पुढं दोन मुक्काम आहेत, पक्का कागद हातात असला तर कोणी हटकणार नाही. तिनं पलंगावर कूस बदलली.

तहसीलीत साहेब दौऱ्यावर होते. बाबूनं माझा अर्ज पाहिला, शाबासकी दिली. "ड्राफ्टिंग छान हाय मॅडम तुमचं," म्हणाला. "पण असा विषय आमच्याकडं कोणत्या टेबलाले जाते, हेच मले समजून नाई राह्यलं." एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून जेवणाची सुट्टी. मी व्हरांड्यात उभी, माय बाहेर तापलेल्या पत्र्यात. बारा वाजता थेंब टाकले. थेंबांची बाटली गार राहावी म्हणून थर्मासात ठेवलेला बर्फ वितळला होता, चहावाल्याकडून दोन खडे मागून आणले. चार वाजता बाबू म्हणाला, सोमवारी या.

सोमवारी.

मी गाडीत येऊन स्टेअरिंगवर हात ठेवून बसले. बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. एक दिवस गेला होता, आणि गाडी बुधवारपासून फार तर अर्ध्या वाटेला होती, त्यातून आज उलटी आलेली. दवाखान्यात फोन लावला. तारीख पुढं ढकलता येईल का? तिकडची बाई म्हणाली, ही सोडली तर दोन महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी लिहिलंय की थांबू नका.

"झालं का काम?" मायनं विचारलं.

"नाई झालं."

"मंग चाल. त्याच गावाले चाल. हापशीपाशी थांबव."

दिवस मावळता ते गाव आलं. या वेळी मी तिला हाताला धरून उतरवलं. हापशीच्या ओट्यावर कडेला ती बसली, तांब्या बाजूला ठेवला, पदर डोक्यावर घेतला. मी गाडीजवळ उभी राहिले, कुठं पाहावं ते समजेना. घडाभर पाणी भरायला एक बाई आली. तिनं हापसताना एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हापसणं थांबवलं.

"कोण्या गावच्या बाई?"

"घुग्घुसच्या. माहेर सिरोंचाकडचं."

"मंग इथी काऊन बसल्या?"

"दिवस बुडून राह्यला," माय म्हणाली.

बस, एवढंच. त्या बाईनं घडा डोक्यावर घेतला, तांब्या उचलून हातात घेतला आणि म्हणाली, "चाला." मला म्हणाली, "गाडी घ्या आमच्या वाडीत, बैल तिकडं बांधतो." एक पैसा नाही, एक सही नाही. तिचं अंगण शेणानं सारवलेलं, ताजं, ओलसर. कोंबडी पिलं घेऊन टोपल्याखाली जात होती. अंगणाच्या कडेला पिवळा झेंडू. भात आणि अंबाडीची भाजी वाढली. सरपंच मफलर गुंडाळत आले, मायला नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलं.

"कागद आणला का?"

"नाई," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बाजेवर बसले. त्या घरचे सगळे हसले. माय सगळ्यात मोठ्यानं हसली. मी ताटातला भात चिवडत होते. कालही हेच घर इथं होतं. कालही ही हापशी होती. काल आम्ही इथं थांबलो असतो, तर आज या वेळी सिरोंचाच्या वाळूत असतो.

शनिवारी सकाळी मी मायला म्हटलं, "जाऊ. पाहू. सोमवारचं काय ते पाहू." खरंच म्हणत होते. गाडी चालू होती. पुढचा रस्ता खड्ड्यांचा. रात्रीपर्यंत कसंबसं पोचलो असतो, पण रविवारी एका दिवसात परत चंद्रपूर त्या गाडीला झेपलं नसतं आणि तिच्या डोक्यालाही नाही. तिला ते माझ्याआधी समजलं होतं. हापशीवरची बाई तिला हात धरून गाडीपाशी आणत होती. दारात माय थांबली. मान इकडून तिकडं फिरवत, त्या नळीएवढ्या नजरेनं तिनं अख्खं अंगण पाहिलं. तुकड्यातुकड्यानं. कोंबडी, झेंडू, बाज, त्या बाईचा चेहरा. चेहऱ्यावर फार वेळ थांबली, ती बाई लाजली.

"फिरव गाडी," माय म्हणाली.

"माय..."

"फिरव म्हंतो ना. डोळा राह्यला त नदी कुठी पळून चालली?"

सोमवारी ऑपरेशन झालं. डोळा राहिला नाही. पट्टी काढली तेव्हा तिला खिडकीची बाजू समजली, बाकी काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, तुमचं काही चुकलं नाही. त्यांना तहसील माहीत नव्हती.

आता ती दारात ऊन खात बसते आणि कोणी आलं की त्या अंगणाचं सांगते. झेंडू कुठं होता, कोंबडीला पिलं किती, त्या बाईच्या कपाळावरचं गोंदण कसं. इतकं नेमकं सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं तिचं माहेर तेच. एकदा मी न राहवून म्हटलं, "नदी राहून गेली माय, माझ्यापायी."

"नदी मले पाठ हाय वो," ती म्हणाली. "अंगण नवं होतं."

ती माझ्यासाठी म्हणते, हे मला समजतं. तिनं एक जुनी गोष्ट मागितली होती आणि मी तिला परक्याचं अंगण दिलं. तेही तिनंच मिळवलेलं.

तो अर्ज गाडीतच आहे, समोरच्या खणात, घडी पडून. लोक अजून येतात, अर्ज लिहून मागतात. मी लिहिते. पण लिहिण्याआधी आता विचारते, "तोंडानं विचारून पाहिलं का?" काही जण चिडतात, म्हणतात, मग तुझं शिक्षण काय कामाचं?

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी गाडी चालू करते. आवाज ऐकला की माय भिंत धरत येते, पायरी चाचपत चढते आणि पलंगावर बसते. तांब्या तिच्या हातात असतो. कुठी जायचं, असं ती विचारत नाही. मीही गिअर टाकत नाही. डिझेल जळतं, पत्रा थरथरतो, आणि थोड्या वेळानं ती म्हणते, "बंद कर आता."