मी मराठीत बोललो

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, संकठादेवीपुढेही नाही. बनारसमधल्या आमच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीत लोक समजतात, त्या दिवशी मी ओरडून दोन माणसं वाचवली. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे — मी ओरडलो नव्हतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बनारसजवळच्या लष्करी दारूगोळा डेपोत स्टोअरकीपर होतो. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला डेपो. प्रत्येक कोठाराभोवती छपराइतका उंच मातीचा बांध, एक उडालं तरी शेजारचं वाचावं म्हणून. बांधातून बाहेर पडायला एकच अरुंद वाट. धोका दिसला की आधी ओरडायचं, मग पळायचं, हा नियम मीच नव्या मजुरांना शिकवायचो.

मे महिना होता. चार मजूर धूर सोडणाऱ्या तोफगोळ्यांच्या पेट्या उतरवत होते. त्या गोळ्यांत फॉस्फरस असतो, हवा लागली की पेटतो. माझा चुलतभाऊ नाना यादी लिहीत होता. मजुरांत लल्लन होता. त्याची आई आमच्याकडे भांडी घासायची, तो आमच्याच अंगणात वाढला. सकाळीच मला चिडवत होता, "भाऊ, तुमच्यापेक्षा माझी मराठी साफ!"

खालच्या एका पेटीतून पांढरा धूर येताना मला दिसला. फक्त मला. ओरडलो तर चौघं वाटेवर धावतील, मी मागे राहीन — एवढंच डोक्यात आलं. मी हळूच म्हणालो, "नाना, बोलू नकोस. चल बाहेर."

मराठीत. बाकीच्यांना कळू नये म्हणून. लल्लनला कळेल हे विसरलो होतो का? नाही. तो लांब होता, ऐकू जाणार नाही असं वाटलं.

"आणि आम्ही, भाऊ?"

मी वळलो नाही. बांधाच्या वाटेला लागलो. मागून तो ओरडत होता, "भागो! भागो रे!" मग पेट्यांची थप्पी उडाली.

दोघं जळत बाहेर आले. अंगावर पाणी ओतलं की विझायचं, वाळलं की मांसात पुन्हा पेटायचं. एकाच्या दंडाची कातडी माझ्या हातात आली. तिसरा आतच गेला. लल्लनचा एक पाय बांधावर सापडला, तो मी ओळखला.

चौकशीत वाचलेले दोघं म्हणाले, कुणीतरी 'भागो' ओरडलं म्हणून सुटलो. धुरात आवाज कुणाचा ते त्यांना कळलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, कोण ओरडलं? मी म्हणालो, मी. नानानं खाली मान घालून सही केली.

तेराव्यानंतर लल्लनची आई कामावर आली. "भाऊ, तुम्ही ओरडलात, मग माझ्या पोराला ऐकू कसं नाही आलं?"

"आलं असेल, मावशी. त्यानं ऐकलं नाही."

पुढे अनेक वर्षं ती आमच्याकडे होती. माझा मुलगा हाका मारूनही आला नाही, की भांडी घासता घासता त्याला म्हणायची, "ऐकावं रे मोठ्यांचं. माझ्या लल्लननं भाऊंचं ऐकलं नाही."

मी तिथेच जेवत बसलेलो असायचो.