खुडलेला शेंडा

मुकुटबनच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून गेले तेव्हा माझ्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि शाईच्या रिकाम्या दौतीत मनी प्लांटची दोन पानांची काडी होती. यवतमाळला बाबांच्या खाटेशेजारी, खिडकीच्या गजांवर जी वेल चढली होती, तिचीच ती काडी. अर्धांगवायूनं बाबांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, बाहेर जाणं संपलं होतं. दिवसभर ते ती वेल बघत. आईच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ बाबांची असायची. नवं पान आलं, नाही तर अजून उलगडलं नाही.

एका कास्तकाराच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्यांच्या मुली सासरी गेलेल्या. घरमालकीण काकू सकाळीच वावरात जात, संध्याकाळी परत आल्या की माझ्या दारात दोन मिनिटं टेकत. मी फारशी बोलायची नाही. शिकलेली असल्याचा मला तेव्हा जरा ताठा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

वेलीचे लाड मात्र मी पुरेपूर केले. दौतीतून ती काढून एका रिकाम्या डब्यात लावली, वावरातली काळी माती भरली आणि रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. काकूंनी डब्यात बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाल्या, ही माती पाणी धरून बसते, वेलीचा जीव गुदमरून राह्यला. दुसऱ्या दिवशी नाल्याची रेती त्यांनीच आणून दिली. खिळा ठोकून डब्याच्या बुडाला भोकं पाडली, अर्धी माती अर्धी रेती केली, आणि वेल सावरली. तिला थेट ऊन सोसत नाही, एवढं मात्र मी त्यांना शिकवलं. उन्हाशिवाय काही उगवतं हे त्यांना मान्य नव्हतं. एकदा त्यांनी डबा अंगणात नेऊन ठेवला आणि दुपारपर्यंत एक पान करपलं, तेव्हा कुठं त्यांना पटलं. मग वेल खिडकीपासून हातभर आत आली. आठवड्यातून एकदा मी ओल्या फडक्यानं पानं पुसायची आणि तिला भिंतीवरच्या सुतळीला सैल बांधून द्यायची.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर बाबांची वेल वाळलेली. घराला चुना लावणाऱ्या माणसानं बादलीतलं उरलेलं पाणी त्या कुंडीत ओतलं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. आई खिडकीकडे कूस वळवून द्यायची, की थोड्या वेळानं ते पुन्हा भिंतीकडे. मला ते बघवेना. आमच्या ओळखीत तशी वेल दुसऱ्या कोणाकडे नव्हती. माझी होती, पण तिची एकच फांदी, सुतळीवर जेमतेम चढू लागलेली. मी बाबांना सांगितलं की संक्रांतीला येताना ती डब्यासकट घेऊन येते. त्यांनी नुसती मान हलवली.

मुकुटबनला परतल्यावर काकूंना एवढंच सांगितलं की संक्रांतीला वेल घरी न्यायची आहे; कोणासाठी ते नाही. मी रोज शाळेतून आले की आधी वेलीकडे बघायची. एक नवं पान आलं, मग दुसरं. आणि हरभरा खुडणीला आला त्या दिवसांत, एका संध्याकाळी येऊन बघते तर वेलीचा वीतभर शेंडा गायब. देठाच्या टोकाशी खुडल्याची ताजी ओली खूण.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. दिवसभर हरभऱ्याचे शेंडे खुडून त्यांची बोटं हिरवी झाली होती, पानांवरच्या आंबट दवाचा, आंबेचा, वास येत होता. त्यांनी सहज सांगितलं, "म्याच खुडला. हरभऱ्याचा शेंडा खुडला त तो फुटते, बाई. तुमची वेल एकटीच वर चालली होती."

मी जे बोलले ते आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. वावरातल्या बाईनं वावरातच हात चालवावा, घरातल्या झाडांतलं तिला काय कळतं, असं मी म्हणाले, आणि दार लावून घेतलं. खुडलेला शेंडा कुठं गेला हेही विचारलं नाही. मी स्वतः काडी लावून वेल वाढवलेली, पण रागात डोकं कुठं चालतं?

पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र हरभऱ्याच्या पाल्याची भाजी वाटीत घालून दारात ठेवत राहिल्या, आणि मी ती खातही होते.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यांनी मला हाक मारून स्वयंपाकघरात नेलं. माठाखालच्या ओल्या रेतीत, अंधुक कोपऱ्यात, तो शेंडा उभा होता. त्याला एक कोवळं पान फुटलं होतं. काकूंनी बोटांनी रेती अलगद बाजूला केली, तर खाली पांढरी मुळं. त्याच दिवशी खोचला होता, म्हणाल्या, पण लागते का नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून बोलली नाही. माझ्या डब्यातल्या वेलीलाही एव्हाना तीन ठिकाणी फुटवे आले होते. रोज पाणी घालूनही रागाच्या भरात मी ते धड पाहिले नव्हते.

त्यांनी शेंडा एका लहान मडक्यात लावून दिला. घरी न्या, म्हणाल्या, जुनी इथं वाढू द्या. एसटीत मी ते मडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

बाबांच्या खिडकीत ते ठेवलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं गज धरून स्वतःहून कूस बदलली. बराच वेळ बघत राहिले. मग ही कशी जगली म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा. ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मले वेल भेटली. त्या बाईले काय भेटलं?"

सुटी संपायच्या आदल्या दिवशीच मी परत निघाले. काकू चुलीपाशी होत्या. मी त्यांच्या पाया पडले. माफीचे शब्द मनात जुळवून आणले होते. पण सांगितलं एवढंच की माझे बाबा अंथरुणाला खिळून आहेत, आणि आता ते खिडकीकडे तोंड करून झोपतात.

काकूंची भाकर तव्यावर तशीच राहिली. "बाप आजारी हाय," त्या म्हणाल्या, "अन् हे तुमी मले आज सांगता?"

अडीच वर्षं मी त्यांच्या घरात राहिले होते, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं. मी चुलीपाशी बसले आणि बाबांबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले.