पासपोर्टचं प्रस्थान

माझा पासपोर्ट माझ्या दोन दिवस आधी परदेशी निघाला.

झालं असं, की मॉरिशसमधल्या एका मंडळाने मला आठवडाभर मराठी शिकवायला बोलावलं. (आम्हा बनारसवाल्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही!) बावीस वर्षांच्या मास्तरकीत मला कुणी गंगेपलीकडे रामनगरलाही बोलावलं नव्हतं. ही संधी हुकू नये म्हणून मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसलो होतो.

विमान गुरुवारी दुपारचं. पण संकठा घाटावर पौरोहित्य करणाऱ्या आमच्या काकांनी पंचांग उघडलं.

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, तिकडे पाऊलही टाकायचं नाही! अन् मॉरिशस कुठे?"

"दक्षिणेला."

"मग? मंगळवारी सकाळी प्रस्थान ठेवून टाकू."

प्रस्थान म्हणजे, मुहूर्तावर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. झालं! आपण निघालो असं ग्रह धरून चालतात. मग आपण सवडीने जावं. ग्रह इतके भोळे असतील असं मला वाटत नव्हतं, पण काकांपुढे बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. त्यांनी तांदूळ, सुपारी, हळकुंड पिशवीत भरलं आणि पिशवी राजा घाटावर दामल्यांकडे नेऊन ठेवली. दामले म्हणजे काकांचे जुने स्नेही, रेल्वेतून निवृत्त.

गुरुवारी सकाळी बायकोने माझ्या हातावर दही घातलं आणि मी कपाट उघडलं. पासपोर्ट गायब! गाद्या उलटल्या, डबे उपडे केले, देवघरसुद्धा सोडलं नाही. काका शांतपणे चहा पीत होते.

"पासपोर्ट धुंडतोयस? तो प्रस्थानात आहे."

"काऽय?"

"अरे, प्रवासाला लागणारी चीज नको ठेवायला? सुपारी दाखवून विमानात बसवतील का तुला?"

मी तसाच दह्याच्या हाताने राजा घाटावर पळालो. दामल्यांच्या दाराला कुलूप! समोरचा पानवाला म्हणाला, "दामलेजी त बिंध्याचल गयल हउवन, दरसन करे." मी तिथूनच दामल्यांना फोन लावला.

"पिशवी? ती माझ्या खांद्यावरच आहे!" दामले म्हणाले. "दुसऱ्याचं प्रस्थान सुन्या घरात टाकून कसं यायचं?"

"अहो, त्यात माझा पासपोर्ट आहे!"

"मग तर जपायलाच हवी. रांगेत उभा आहे, मोबाइल बंद करतो हं."

काकांना हे कळवलं, तर ते खूश! "विंध्याचल? म्हणजे आणखी पुढे सरकलं की! फारच उत्तम."

टॅक्सी करून विंध्याचल गाठलं. देवळाबाहेर तासभर ताटकळलो, तेव्हा कुठे दामले प्रसाद चघळत बाहेर आले. तोवर विमान गेलेलं होतं. मला खरोखर रडू फुटायच्या बेतात होतं.

"आलाच आहेस, तर दर्शन करून घे," दामले म्हणाले.

पुढचं तिकीट मिळालं शनिवारचं. थकूनभागून घरी आलो, तर काका दारात आडवे! "प्रस्थान हाती घेतलंस ना? आता घरात पाय ठेवायचा नाही." दोन दिवस दामल्यांकडे मुक्काम पडला. बायको बॅग घेऊन आली आणि उंबऱ्यातून देऊन गेली, पाहुण्याला द्यावी तशी. दामल्यांनी मात्र मला होडीत घालून एकूण एक घाट दाखवले. मुन्शी घाटाशी एका पर्यटकाने मला विचारलं, "बनारस पहिली बार आये हैं?" मी हो म्हणालो. खरं सांगायचं त्राणच नव्हतं.

मॉरिशसला पोचलो रविवारी. वर्ग शनिवारीच सुरू झाला होता. पहिला दिवस फुकट जाऊ नये म्हणून मंडळाने स्वयंपाकघरातल्या आजींना वर्गावर बसवलं होतं. मला फार अपराधी वाटलं. भरपाई म्हणून उरलेले सहा दिवस मी जीव तोडून शिकवलं. त्यांनी मला समुद्र दाखवायला नेलं, तिथेही वाळूत सगळे काळ समजावून सांगितले.

निरोपाच्या दिवशी मंडळाने अभिप्रायाचे कागद भरून घेतले. शेवटचा प्रश्न होता, "सर्वांत जास्त मराठी कोणत्या दिवशी शिकलात?"

सगळ्यांनी एकमताने लिहिलं होतं : शनिवारी.