देशकर मॅडम आणि साठ फॉर्म

देशकर मॅडमच्या तासाला कुणी ‘लोकांना वाटतं’ असं म्हटलं, की त्या खडू खाली ठेवायच्या. “कोणत्या लोकांले? नाव सांग.” नाव सांगता आलं नाही तर ते वाक्य बाद. रायपूरच्या आमच्या विद्यापीठात पर्यावरणाचं अर्थशास्त्र मायनर विषय म्हणून घेणारे आम्ही पाचही जण फुकटच्या मार्कांसाठी आलो होतो. शाश्वत विकासावर पानंच्या पानं लिहायचो आणि चहाचे प्लास्टिकचे कप कॅन्टीनमागे भिरकावायचो. आज आठवलं तरी स्वतःची शिसारी येते.

मॅडम शहरातल्या बूढ़ापारा भागात राहायच्या. तिथून जवळच एका वस्तीतलं लहानसं तळं बुजवून पार्किंग करायचं घाटत होतं. वस्तीला तळं हवंय हे महापालिकेच्या सुनावणीत दाखवायला त्यांनी आम्हाला साठ घरं वाटून दिली. तळं राखायला महिन्याला किती द्याल, एवढंच विचारायचं. “दहा म्हणले तर दहा लिहा. शिव्या देल्या तर शिव्या लिहा,” त्या म्हणाल्या. आम्ही तळ्यापर्यंत गेलो, तो कुजका वास नाकात शिरला आणि तसेच माघारी फिरलो. मतदारयादीतून नावं उचलली, कॅन्टीनमध्ये समोसे खात फॉर्म भरले. मी तर उदार होऊन सगळ्यांच्या नावावर शंभर-शंभर लिहिले.

मॅडमनी विश्वास ठेवला. सुनावणीत अधिकाऱ्याने वरचाच फॉर्म उचलून नाव वाचलं. तो माणूस मागच्या रांगेतच बसला होता. “साहब, हमसे तो किसी ने पूछा ही नहीं,” तो म्हणाला. हशा पिकला. मॅडम उठल्या. “मैंने जाँचा नहीं. गलती मेरी है.” आमच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तळं बुजवायचा निकाल दहा मिनिटांत लागला. माझ्या अक्षरातले ते शंभर-शंभर टेबलावर तसेच पडले होते.

आठवडाभराने मी माफी मागायला गेलो. तळ्यात मुरूम पडत होता आणि मॅडम कोरे फॉर्म घेऊन दारोदार फिरत होत्या. एका बाईने वीस रुपये सांगितले. एक म्हातारा म्हणाला, पैसे नाहीत, पण दर रविवारी येऊन तळ्यातली जलपर्णी काढली असती. मॅडम सगळं लिहून घेत होत्या.

“मॅडम, आता काहून? निकाल तर लागला.”

“त्यायले विचारायचं राहून गेलं होतं ना.”

“अर्धी घरं मी करतो, द्या,” म्हणत मी हात पुढे केला.

त्यांनी फॉर्म छातीशी धरले आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.